अडीच फेरे

पहिल्याच दिवशी सबनीस सर म्हणाले,
नकाशावर आधी उत्तर दाखवायचं.
उत्तर नसेल तर शीट तपासणार नाही.
मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

मग रंग आले.
राहण्याला पिवळा, दुकानांना निळा,
कारखान्यांना जांभळा,
आणि जे अजून व्हायचंय त्याला नुसती तिरपी रेघारेघ.
चटईक्षेत्र निर्देशांक शिकवला त्या दुपारी
वर्गात मी एकटीच हसले.
आमच्याकडे चटई अंथरली की क्षेत्र संपतं,
निर्देशांकाला उंबऱ्याबाहेर झोपावं लागतं.
इर्शादनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही.

तिसऱ्या सत्रात मला भांडुपची टेकडी आली.
मागून घेतली नव्हती, चिठ्ठी निघाली.
विषय पाणीपुरवठा, दरडोई एकशे पस्तीस लिटर.
दरडोई, दरडोई, तक्त्यात चाळीस वेळा टाइप केलं
आणि दर वेळी आईची मान दिसली,
हंड्याखाली जराशी उजवीकडे कललेली.

बाबा चावीवाले. पालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं.
पहाटे पावणेचारला रस्त्यातलं झाकण उचलतात,
खांद्याएवढी लोखंडी चावी आत सोडतात, फिरवतात,
आणि वर कुठल्यातरी गल्लीत
झोपलेले पाइप खाकरतात.

रविवारी शीट जमिनीवर पसरली.
बाबांनी हात धुतले, लुंगीला पुसले,
मांडी घातली, आणि कागद फिरवला.
आडवा झाला, बाबा.
नाय गो, आता सरळ झालो.
टाकी वर, आपण खाली. पाणी असाच येता.

मग त्यांचं बोट चालायला लागलं,
काळ्या पडलेल्या नखाचं.
हय अडीच फेरे.
हय साडेतीन, पण शेवटचो अर्धो हळू,
नायतर खालची लाइन फुटता.
ही निळी रेघ कसली? ही लाइन नाय हय.
ऑफिसातून मिळालेली प्रत आहे, मी म्हटलं.
कागदावर आसात, म्हणाले. चिडून नाही,
लांबच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

चौथ्या गल्लीपाशी बोट थांबलं.
तिथं दाब पोचत नाही.
म्हणून रोज अकरा मिनिटं ते अर्धा फेरा जास्त देतात.
हे कुठल्याच रजिस्टरात नाही.
ह्या लिहू नको हां, म्हणाले,
आणि आईनं भाताचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

उरलं ते त्यांनी आपणहून विचारलं:
हे लाल ठिपके?
माझी सूचना होती ती.
स्वयंचलित झडपा, दाब मोजणारं यंत्र,
मनुष्यबळात बचत. कारणासकट, आकृतीसकट.
सुधारणा, मी म्हटलं.
त्यांनी ठिपके मोजले. चौदा.
ओठ न हलवता मोजतात ते, फेऱ्यांच्या सवयीनं.
चांगला आसा, म्हणाले. मी मार्चमध्ये सुटतंय तसोय.
मग बराच वेळानं,
त्या मशीनीक चौथी गल्ली दाखव पण.

रात्री तीनदा शीट पुन्हा काढली.
तेरा ठिपके ठेवले.
चौथ्या गल्लीच्या तोंडाशी
नखाएवढी जागा कोरी सोडली,
सूचीत तिच्यासाठी रंग दिला नाही, नाव दिलं नाही.

परीक्षणाला बाहेरून दोघं आले होते.
एकानं पायऱ्यांच्या उताराबद्दल विचारलं,
दुसऱ्याचा फोन वाजत राहिला.
सबनीस सर शीटसमोर उभे राहिले, चष्मा वर केला,
खाली घेतला.
टाकी अशी डोक्यावर का घेतलीस?
आणि उत्तर कुठाय?

आहे सर, म्हटलं. उजव्या कडेला.

सरांनी मान जराशी
उजवीकडे कलती केली,
आणि तशीच ठेवून बराच वेळ बघत राहिले.